सरोजिनी नगरात भेटलेला केनिया

सोमवार सोडला तर दिल्लीतल्या सरोजिनी नगरचा बाजार रोज भरतो आणि दिवाळीच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते. केंद्र सरकारच्या नोकरीत माझी उमेदीची वर्षं याच वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये गेली. त्यातली बरीच घरं आता पुनर्विकासात पडली, बाजार मात्र जागच्या जागी आहे. नोकरी आकडेवारीच्या खात्यातली, त्यामुळे केनिया हा देश मला तक्त्यातली एक ओळ म्हणून ठाऊक होता. ती ओळ वाचायला शिकवलं तिथल्या किसुमू शहरातल्या एका कपडेवालीने.

मी आता राहते त्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या खोल्या दिल्लीत उपचारासाठी येणाऱ्या परदेशी लोकांना भाड्याने देतात. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथे दोघी बहिणी उतरल्या. धाकटीच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया होती. थोरली चाळिशीतली, किसुमूच्या किबुये बाजारात जुने कपडे विकणारी. बहीण धोक्याबाहेर आली तशी ती मला म्हणाली, "दीदी, तुमचा तो बाजार दाखवा." हे 'दीदी' तिने कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडून उचललं होतं.

बाजारात शिरल्यावर माझ्या लक्षात आलं की वाट दाखवायची गरज मला होती, तिला नव्हती. "कोई भी उठाओ, सौ रुपये" असा पुकारा चाललेल्या ढिगापाशी ती थांबली. एक टॉप उचलला आणि थेट उलटा केला. काखेतली शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिली, कापड उजेडासमोर धरलं, चेन वरखाली केली, मग मानेमागचं अर्धं कापलेलं लेबल बोटाने चाचपलं. परदेशी कंपन्यांसाठी शिवलेला, पण जास्तीचा ठरलेला किंवा एखाद्या दोषापायी नाकारलेला माल इथे येतो आणि येताना त्याचं लेबल कापलं जातं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे हा कोणी अंगात घातलेला नाही. आमच्याकडे येतो तो घालून टाकलेला." मग तिने हिंदीत भाव केला. संख्या आणि "भैया, ज़्यादा है" एवढ्या भांडवलावर केलेली तिची घासाघीस माझ्यापेक्षा सरस होती.

तिच्या धंद्याला केनियात मितुंबा म्हणतात. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, चीन इथले वापरलेले कपडे दाबून बांधलेल्या गासड्यांतून मोंबासा बंदरात उतरतात. साधारण 45 किलोची गासडी न उघडता विकत घ्यायची. आत काय निघेल ते नशीब. आपल्याकडे बोहारीण जुन्या साड्यांवर भांडी देऊन जाते, तोच हा व्यवहार समुद्रापलीकडे नेलेला. त्यात आपलाही हात आहे. गुजरातेत कांडलाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात पाश्चात्त्य देशांचे जुने कपडे निवडले जातात आणि त्यातले पुष्कळ आफ्रिकेला जातात. हे ऐकून ती हसली. "म्हणजे माझी गासडी आधी तुमच्याकडे उघडते तर!"

पण मितुंबाला दुसरी बाजू आहे. तिच्या लहानपणी किसुमूत किकोमी नावाची कापड गिरणी होती; तिचे वडील तिथे कामाला होते. आयात खुली झाल्यावर स्वस्त कपड्यांपुढे केनियाच्या गिरण्या तगल्या नाहीत. किकोमी बंद पडली, एल्डोरेटची रिव्हाटेक्सही बंद पडली. वडिलांची गिरणी ज्या मालाने बुडवली तोच माल विकून मुलगी घर चालवते. गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही. रिव्हाटेक्स 2019 मध्ये नव्या यंत्रांनिशी पुन्हा सुरू झाली, ती भारताने दिलेल्या कर्जातून.

2016 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी जुन्या कपड्यांची आयात टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरवलं होतं. अमेरिकेने व्यापारसवलती काढून घेण्याचा इशारा दिला. केनियाने माघार घेतली. रवांडा अडून राहिला आणि 2018 मध्ये त्याच्या तयार कपड्यांची सवलत गेली. मी तिला विचारलं, बंदी आली असती तर? ती म्हणाली, "गिरणी आधी उभी करा, मग माझं दुकान बंद करा." अर्थशास्त्रावरची यापेक्षा नेमकी टिप्पणी मी नोकरीत वाचली नव्हती.

पैसे द्यायच्या वेळी प्रत्येक ढिगापाशी क्यूआर कोडचा फलक होता. तिच्याकडे इथलं बँक खातं नाही; मी मोबाइलवरून पैसे भरले, तिने मला रोख दिले. आपली यूपीआय 2016 ची. केनियात सफारीकॉम कंपनीने एम-पेसा 2007 मध्येच सुरू केली आणि तीही साध्या बटणाच्या फोनवर, बँक खात्याशिवाय. तिची गासडी, मुलांची फी, बहिणीच्या उपचारासाठी नातेवाइकांनी जमवलेली वर्गणी, सगळं त्याच वाटेने आलं होतं. आपण डिजिटल व्यवहारात जगाच्या पुढे, हा माझा तोरा तिथल्या तिथे उतरला.

चहाला बसलो तेव्हा मी माझ्या सवयीने लोकसंख्येकडे वळले. 2019 च्या जनगणनेत केनियाची लोकसंख्या 4 कोटी 75 लाखांवर होती. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीला थोडं कमी आणि माणसं आपल्या निम्म्याहूनही कमी. त्यातली तीनचतुर्थांश पस्तिशीच्या आतली. 1970 च्या दशकाअखेरीस तिथल्या बाईला सरासरी आठ मुलं होत. 2022 च्या पाहणीत हा आकडा 3.4 वर आला. तिने बोटं मोजली: आईला नऊ, तिला तीन. "माझ्या मुलीला एकच हवंय," ती म्हणाली, "पण तिला नोकरी कुठे आहे?" केनियात पाचातले चार जण असंघटित क्षेत्रात राबतात. जून 2024 मध्ये करवाढीविरुद्ध तरुण पोरं नैरोबीच्या संसदेत घुसली आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटोंनी विधेयक मागे घेतलं, त्यामागे ही गर्दी आणि हाच प्रश्न होता.

15 ऑक्टोबरला आम्ही पुन्हा बाजारात होतो. दुपार होण्याआधीच तिचा फोन एकसारखा वाजू लागला. माजी पंतप्रधान रैला ओडिंगा केरळात, कूथाट्टुकुलमला आयुर्वेदिक उपचार घेत असताना गेले, असे निरोप येत होते. ओडिंगा लुओ समाजाचे, किसुमूचे लाडके. तिने एकाही निरोपावर विश्वास ठेवला नाही. रामोगी एफएम हे लुओ भाषेतलं केंद्र फोनवर लावलं, कानाशी धरलं आणि दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. तिथल्या निवेदकाने तिच्या भाषेत सांगितलं तेव्हा तिने डोळे पुसले. बातमी केरळातली, ऐकणारी दिल्लीत, पण शिक्का किसुमूच्या भाषेचाच लागला.

केनियात 1990 च्या दशकापर्यंत रेडिओ म्हणजे सरकारी आवाज. पुढे खासगी केंद्रं आली आणि किकुयू, लुओ, कालेंजिन अशा भाषा घराघरांत बोलू लागल्या. 2007 च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात काही भाषिक केंद्रांवर द्वेष पसरवल्याचा ठपकाही आला. ती म्हणाली, "रेडिओ घरातल्या माणसासारखा. म्हणून त्याचं ऐकतो, आणि म्हणूनच त्याला जपून बोलावं लागतं."

सरोजिनी म्हणजे कोण, असं तिने जाताना विचारलं. 1924 च्या जानेवारीत सरोजिनी नायडू मोंबासाला गेल्या होत्या आणि तिथल्या भारतीयांच्या काँग्रेस अधिवेशनाच्या अध्यक्ष होत्या, हे सांगितल्यावर ती चकित झाली. औंधच्या राजघराण्यातले अप्पा पंत 1948 मध्ये भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले आणि आफ्रिकी नेत्यांशी त्यांनी इतकी जवळीक केली की ब्रिटिशांना ते खुपू लागले, हेही सांगितलं. 1920 पर्यंत तिकडे आपला रुपया चालत होता. एवढा जुना शेजार असून आपल्या मनातला केनिया मसाई माराच्या सिंहांपुढे जात नाही.

सिंह बघायला जाणाऱ्यांनी जरूर जावं. पण सहलीतला एक दिवस नैरोबीच्या गिकोम्बा नाहीतर किसुमूच्या किबुये बाजारासाठी काढा. देशाची कमाई, त्याची तरुण पिढी आणि त्याचा रेडिओ तिथे एकाच दुकानात भेटतात, आणि दुकानदारीण आपल्याबद्दल जे विचारते त्याचं उत्तर तयार ठेवावं लागतं.