साक्षीदाराची बैठक

यंत्र खोटे बोलत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु खरे बोलणाऱ्याला कोठे उभे केले आहे, यावरही त्याच्या साक्षीचे मोल ठरत असते. पाथरीतील एका गॅरेजात मी हे पाहिले.

वाहन होते पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्ही इंधनांवर चालणारा एक जुना मालवाहू टेम्पो. पाथरीहून मानवतमार्गे परभणीच्या बाजारात भाजीपाला नेणे हे त्याचे रोजचे काम, आणि त्यावरच मालकाचा संसार व बँकेचा हप्ता. पेट्रोल अधिक जाऊ लागले, समोरचा इशाऱ्याचा दिवा विझेना. शहरातील एका गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला. चार दिवसांत दिवा पुन्हा लागला. मग सल्ला मिळाला, पुढचा पाइप कन्व्हर्टरसकट बदला. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. किंमत ऐकून गृहस्थ खचला. दुसरा कुणी म्हणाला, सेन्सर काढून भोकात बोल्ट ठोका. हा उपाय स्वस्त खरा, पण घातक. सेन्सर मुका झाला की इंजिनाचा संगणक अंदाजाने, बहुधा जास्तच, पेट्रोल सोडतो आणि ते कन्व्हर्टरमध्ये जळून त्यालाच वितळवू शकते.

जुन्या डिझेल ट्रकांना ही व्याधी नव्हती. धुराचा रंग पाहून ड्रायव्हरच निदान करी. हा सेन्सर १९७६ साली बॉश कंपनीने प्रथम व्होल्वोच्या मोटारींत आणला. त्याला ‘लॅम्डा’ही म्हणतात. सेमिनरीत गिरवलेले ग्रीक अक्षर सायलेन्सरच्या पाइपावर भेटेल, असे तेव्हा कुणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो! एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण साधले की लॅम्डा एक. सेन्सरच्या टोकाशी झिर्कोनियाची टोपी असते, बाहेरून धूर, आतून स्वच्छ हवा. तीनशे अंशांहून अधिक तापली की दोन्हींकडील ऑक्सिजनच्या फरकाने तिच्यात वीज उपजते: धुरात ऑक्सिजन उरला असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट, नसेल तर ०.९.

पाथरीच्या मिस्त्रींनी नव्या सेन्सरला हातच लावला नाही. थंड इंजिन सुरू करून, पाइपाच्या शेवटी ओला बोळा धरावयास लावून, त्यांनी सेन्सरच्या बुडाशी साबणाचे पाणी सोडले. लगेच बुडबुडे आले.

“सेन्सर खरंच बोलायलंय, फादर,” ते म्हणाले, “त्याच्या बुडातून हवा शिरायली, ती तो सांगायला.”

ज्या लोखंडी कडीत सेन्सर आटे घालून बसतो, तिचे वेल्डिंग गंजून चिरले होते. धुराच्या दोन झोतांमध्ये पाइपात क्षणभर ओढ निर्माण होते व बाहेरची हवा आत येते. सेन्सर म्हणे, ऑक्सिजन फार आहे. संगणक पेट्रोल वाढवी.

गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवले, तरीही सेन्सर निघताना कडीचे आटे सोबत आले. मग लेथवर नवी कडी कातून घेतली, आटे १८ मिलिमीटरचे, दीड मिलिमीटर अंतराचे. बॅटरीची तार काढली. वेल्डिंगच्या उष्णतेने आटे वाकू नयेत म्हणून कडीत त्याच मापाचा बोल्ट फिरवून ठेवला. बोल्टचा हा उपयोग मात्र मला पटला! कडी किंचित तिरपी वर ठेवली, म्हणजे पाइपातील पाणी सेन्सरपाशी साचत नाही. आटे न धरणारी पेस्ट आट्यांनाच लावली; टोकाला लागली तर सेन्सर बाद होतो.

पुन्हा साबणाचे पाणी सोडले. बुडबुडा आला नाही. तपासणी यंत्राच्या पडद्यावर आकडा ०.१ आणि ०.९ यांच्यामध्ये खालीवर नाचू लागला. मालकाने खर्च विचारला, तेव्हा मिस्त्रींनी लेथवाल्याचे पैसे आधी वेगळे काढावयास सांगितले.