सीआरपी उतरला तेव्हा

२०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, सांगलीत घरोघरी सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन आणि एचआरसीटीचा स्कोअर तोंडपाठ झाला होता. मी विश्रामबागच्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. फोन उचलला की लोक पेशंटचं नाव सांगायच्या आधी आकडा विचारत. त्यात सीआरपीचा मान सगळ्यात मोठा. तो उतरला की पलीकडून "देव पावला बघा", चढला की हुंदका.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार तात्या तेव्हा आयसीयूत होते. सीआरपी १४०. पुतण्या रिपोर्ट न्यायला आला तो तापलेलाच. "ताई, एवढं इन्फेक्शन दिसतंय आणि डॉक्टर भारी इंजेक्शन सुरू करंनात. पैशाचं काय बी अडलं नाही म्हणून सांगितलंय आम्ही."

औषधांवर बोलणं माझं काम नव्हे. पण डॉक्टरांनी त्याच सिरमवर प्रोकॅल्सिटोनिनही करायला सांगितलं होतं आणि ते ०.१२ आलं होतं. तेवढं मी त्याला दाखवलं. म्हटलं, बागेतलं कुत्रं भुंकलं की कुणीतरी आलंय एवढंच कळतं. चोर की पाहुणा, ते भुंकण्यावरून कळत नाही. सीआरपीचं तसंच आहे.

१९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेलं हे प्रथिन यकृतात बनतं, आणि दाह कशामुळेही झाला तरी वाढतं. कोविडमध्ये तर एकही जिवाणू नसताना ते शंभरी ओलांडायचं. प्रोकॅल्सिटोनिन निरोगी माणसाच्या रक्तात जवळजवळ नसतंच. जिवाणूंनी जोर धरला की मात्र शरीरभरच्या पेशी ते सोडू लागतात, आणि चार-सहा तासांत आकडा हलतो. विषाणूशी झुंजताना तयार होणारं इंटरफेरॉन त्याला उलट आवर घालतं. म्हणून विषाणूच्या अत्यवस्थ रुग्णात ते ०.२५ च्या खाली असलं तर जिवाणूंची शक्यता कमी, ०.५ च्या वर गेलं तर शंका घ्यायची. जिवाणू उगवून बघायच्या कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, इथं उत्तर त्याच दिवशी. अर्थात किडनी बिघडलेल्या माणसात हाही आकडा फसवतो, आणि ही तपासणी सीआरपीपेक्षा कितीतरी महाग आहे.

दुसऱ्या लाटेत अँटिबायोटिक सर्रास दिली गेली. नातेवाइकांचा रेटा सोसून थांबणाऱ्या डॉक्टरांचं मला म्हणूनच अप्रूप वाटतं. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उघडला, तेव्हापासून कर्नाटक-कोकणातून लोक या भागात उपचाराला येतात. एवढ्या लांबून आल्यावर त्यांना डॉक्टरांनी काहीतरी जोरदार करावं असंच वाटतं.

पुढे तात्यांना टोसिलिझुमॅब दिलं. ते मिळालं हेच त्या दिवसांत नवल. स्टेरॉइड आधीपासून चालू होतं. सीआरपी घसरत घसरत ६ वर आला आणि पुतण्या फोनवर पेढ्यांचं बोलू लागला. ताप नाही. पण व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन वाढवावा लागत होता.

यकृताला सीआरपी बनवायचा निरोप आयएल-६ देतं, आणि टोसिलिझुमॅब तो निरोपच अडवतं. मग आत जिवाणू असोत की नसोत, सीआरपी उतरलेलाच दिसतो. प्रोकॅल्सिटोनिनही या औषधांखाली दबतं. तात्यांचं ०.१२ वरून ०.३ झालं, मग ०.९. एरवी सेप्सिसमध्ये आम्ही दहाच्या, पन्नासच्या पुढचे आकडे पाहतो, त्यापुढे ०.९ म्हणजे काहीच नाही. पण इथं दबलेला असूनही आकडा चढत होता. डॉक्टरांनी मला फोन करून आजचं कंट्रोल, म्हणजे तपासणीची रोजची पडताळणी, बरोबर लागलंय का एवढंच विचारलं. लागलं होतं. त्यांनी श्वासनळीतला स्राव कल्चरला पाठवला आणि त्या रात्रीच अँटिबायोटिक सुरू केलं.

पुतण्या चक्रावला. "एकशे चाळीस होतं तवा नाही, आणि आता सहावर भारी इंजेक्शन?"

कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा जिवाणू उगवला. संवेदनशीलतेच्या तक्त्यात बहुतेक औषधांपुढे 'आर', म्हणजे चालणार नाहीत. जी मोजकी चालणारी होती, त्यांतलंच एक डॉक्टरांनी आधी निवडलेलं होतं.

तात्या जूनमध्ये घरी गेले, ऑक्सिजनचं मशीन सोबत घेऊन. पुतण्याचा अजून अधूनमधून फोन येतो. परवा त्याच्या पोराला ताप होता. "ताई, ते प्रोकॅल्सिटोनिन करून टाका की." पोरगं अंगणात खेळत होतं. म्हटलं, त्याला आधी डॉक्टरांकडं ने, आणि ते पैसे बागेच्या फवारणीला ठेव.