हॅवलॉकच्या पाण्याखाली

अंदमानला गेलेला मराठी माणूस आधी सेल्युलर जेलपुढे हात जोडतो. आम्हीही जोडले, आणि मग बोटीने हॅवलॉक बेट गाठले. २०१८ पासून त्याचे नाव स्वराज द्वीप.

तेथे कन्येने हट्टाने आम्हांला समुद्रात उतरवले. पाठीवर हवेची टाकी, कमरेला शिशाची वजने! "अंकल, श्वास मात्र रोखायचा नाही," शिक्षकाने बजावले.

सात-आठ मीटर खाली गेलो, आणि काय सांगावे! कुठे हरणाच्या शिंगांसारखी प्रवाळे, कुठे मेंदूसारखी. मधून निळ्या माशांची पळापळ. आनंदाने आम्ही अंगठा वर केला, तर शिक्षकाने आम्हांला हळूहळू वरच आणले! पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ 'वर चला' असा होतो.

पुन्हा उतरलो. एका पांढऱ्याशुभ्र फांदीला हात लावणार, तोच त्याने मनगट धरले. नंतर म्हणाला, "तो दगड नव्हे, आजारी जीव आहे."

प्रवाळ म्हणजे इवल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगातील सूक्ष्म शैवाल त्यांना रंग देते व अन्नही. पाणी फार तापले की शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते. २०१० मध्ये अंदमानात असेच मोठे संकट आले होते. पाणी वेळेवर निवले तर जीव तगतो. नाही तर उपाशी मरतो.

आमच्या काचेच्या कपाटात असाच एक पांढरा तुकडा आहे. पाहुण्यांना आम्ही तो कौतुकाने दाखवीत असू. यंदा दिवाळीच्या साफसफाईत तो पुसताना हात थबकला.