नवसागर

शहापूरच्या बाजारात परवा बऱ्याच वर्षांनी कल्हईवाला दिसला. तापल्या पातेल्यात त्यानं नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उठला आणि मला आमची पितळी बॅटरी आठवली. सेल फुटून आतच रुतून बसला की टोपण उघडताना असाच नाकात झोंबणारा वास यायचा.

लेक्लांशे नावाच्या फ्रेंच माणसानं 1866 मध्ये आपल्या सेलला हाच नवसागर वापरला, पुढं कोरड्या सेलनीही तो उचलला. सेलचं जस्ताचं कवच हेच त्याचं जळण. ते झिजून भोक पडलं की आतला लगदा पाझरतो. भांडी उजळणारा नवसागर बॅटरीतली पितळी पट्टी हिरवी करून ठेवतो.

आमच्या बॅटरीचे हाल केले काकांनी. नवे सेल रेडिओला, थकलेले बॅटरीला, असा त्यांचा कायदा. खरं तर रेडिओला इवलासा करंट पुरतो, उतरलेल्या सेलवरही तो गात राहतो. खादाड तो बल्ब.

मृगाच्या पहिल्या पावसात वडील रात्री ओहोळावर खेकडे धरायला निघत, मागं टोपली घेऊन मी. एकदा चांगला तळहाताएवढा खेकडा उजेडात थिजला होता. वडील वाकले आणि बॅटरी लुकलुकू लागली. त्यांनी ती मांडीवर आपटली. उजेड आला, खेकडा गेला. काकांवरचा तो राग माझा अजून गेलेला नाही.

तशी लुकलुक पुष्कळदा सेलची नसतेच. दोन सेलच्या बॅटरीचा बल्ब अडीच व्होल्टचा, 0.3 अँपिअर ओढणारा. गंजल्या स्प्रिंगपाशी एक ओहमचा अडथळा आला, तरी उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं उतरतो. आपटल्यावर स्प्रिंग सरकून स्वच्छ जागी टेकते, तेवढ्यापुरतं भागतं. आत्याला आपटणं मंजूर नव्हतं. ती टोपण काढून पट्टी चिंचेनं घासायची, धुऊन उन्हात खडखडीत वाळवायची, स्प्रिंगवर काचपेपर फिरवायची, मग ती चिमटीत धरून जराशी ताणायची. आटे पुसायलाही विसरायची नाही, कारण करंट तिथूनही जातो. तो खेकडा गेला त्या रात्री बॅटरी तिच्या हाताखालून गेली असती, तर?

घासता घासता ती स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांची गोष्ट सांगायची. 1942 मध्ये त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. ऐकताना मला गंमत वाटे, कारण आमच्या घरात तेव्हा विजेचा पत्ताच नव्हता. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडाच्या जंगलात कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. दरवर्षी त्या तारखेला लोक पहाटे सिद्धगडावर जमतात. आत्याही जायची, आणि आदल्या रात्री रेडिओचं झाकण उघडून नवे सेल काढून घ्यायची. काका कुरकुरले की म्हणायची, “उद्या बातम्या नाही ऐकल्यास तर सरकार पडत नाही, भाऊ.”