साष्टींतील तीन सरोवरें

सरोवर पाहावयाचें म्हटलें म्हणजे आमच्या सुशिक्षित कुटुंबांची दृष्टि फार लांब जाते. कोणी काश्मिरांतील दल सरोवराची गोष्ट सांगतो, कोणी नैनितालची. ज्यांचीं मुलेंबाळें नैरोबी किंवा कंपाला येथें नोकरी-व्यवसायानिमित्त राहिलीं आहेत, त्यांच्या घरीं तर आफ्रिकेंतील व्हिक्टोरिया सरोवराचें वर्णन पंक्तीला ऐकावयास मिळतें: क्षितिजापर्यंत पसरलेला जलविस्तार, कोळ्यांच्या होड्या, कांठचे पाणघोडे, आणि पाण्यांत बुडणारा सूर्य. हीं वर्णनें खोटीं नाहींत, आणि ऐकून आम्हांला कोणाचा हेवाहि वाटत नाहीं. परंतु अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथें दोन-दोन पिढ्या राहिलेल्या घरांत सहज विचारून पाहावें, कीं विहार, तुळशी आणि पवई हीं तीन सरोवरें आपण पाहिलीं आहेत काय? बहुतेक ठिकाणीं उत्तर मिळेल, कीं पवई मोटारींतून जातां-जातां दिसतें. बाकीच्या दोहोंचीं नांवें पावसाळ्यांत वर्तमानपत्रांत वाचतों. ज्या पाण्यावर आपला संसार चालला, त्याशीं आपली ओळख एवढीच!

ही उणीव भरून काढावी या हेतूनें, आश्विनाच्या आरंभीं पाऊस ओसरल्यावर, आम्ही घरांतील लहानथोर मंडळी दोन दिवस हीं सरोवरें पाहावयास निघालों. हा ऋतु मुद्दाम निवडावा. तळीं भरलेलीं असतात, डोंगरांचा हिरवा रंग उतरलेला नसतो, आणि ऊनहि अद्याप सोसवण्याजोगें असतें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. हीं सरोवरें निसर्गानें दिलेलीं नाहींत; तीं माणसांनीं घडविलेलीं आहेत, आणि तीं शोभेकरितां नव्हे, तर तहानेपोटीं. मुंबई चहूंकडून पाण्यानें वेढलेली; पण पिण्याचें पाणी मात्र विहिरी आणि तलाव यांतूनच मिळावयाचें. धोबी तलाव, गोवालिया टँक, दो टाकी हीं नांवें त्या काळाचीं साक्षीदार आहेत. तलाव बुजले, नांवें उरलीं. वस्ती वाढली तसें उन्हाळ्यांत हें पाणी पुरेनासें झालें. शेवटीं लॉर्ड एल्फिन्स्टन गव्हर्नर असतांना, हेन्री कॉनीबेअर या स्थापत्यविशारदाच्या योजनेप्रमाणें, १८५६ सालीं मिठी नदीच्या उगमाशीं बांध घालण्यास प्रारंभ झाला, आणि १८६० सालीं विहार सरोवर पुरें झालें. साष्टीच्या डोंगरांतून नळानें पाणी मुंबईस आलें तें प्रथम येथून. तेंहि अपुरें पडूं लागतांच विहाराच्या उत्तरेस, आणखी आंत डोंगरांत, १८७९ सालीं तुळशी सरोवर सिद्ध झालें; आणि १८९० च्या सुमारास पवईचें.

विहाराचा बांध उभा राहात होता त्याच वेळीं, १८५८ च्या ऑगस्टांत, जॉन स्पीक हा इंग्रज प्रवासी आफ्रिकेंतील त्या अफाट सरोवराच्या कांठीं पोंचला आणि त्यानें आपल्या राणीचें नांव त्याला देऊन टाकलें. कांठच्या लोकांना तें सरोवर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें, हें सांगावयास नकोच. स्पीकबरोबर असलेल्या आफ्रिकन सोबत्याचें नांव मोठें मौजेचें आहे: सिदी मुबारक ‘बाँबे’. बालपणीं गुलाम म्हणून विकला जाऊन तो कित्येक वर्षें पश्चिम हिंदुस्थानांत राहिला होता, म्हणून त्यास हें नांव पडलें. मुंबईचें नांव धारण करणारा एक मनुष्य त्या दूरच्या सरोवराकडे चालत होता, आणि इकडे मुंबई आपलें पहिलें सरोवर खणीत होती!

पहिल्या दिवशीं आम्ही बोरिवलीच्या बाजूनें संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत शिरलों. फाटकाच्या आंत कांहीं अंतरावर दहिसर नदीचें पाणी अडवून नौकाविहाराची सोय केलेली आहे. मुलांचे पाय साहजिकच तेथें घुटमळले. पण ही नदी येते कोठून, असें विचारतां त्यांना सांगावें लागलें, कीं ती तुळशीच्या बाजूनेंच उतरते. म्हणजे आपण होडींत बसलों तरी त्या सरोवराच्या अंगणांतच बसलों.

तेथून झाडींतील वाटेनें कान्हेरीस जावें. येथील लेणीं शंभरांहून अधिक आहेत. त्यांचें काम इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत सुरू होऊन पुढें हजारांवर वर्षें चाललें. प्रवासी चैत्यगृहाचे खांब आणि बुद्धाच्या उभ्या मूर्ति पाहून परततात. आमची विनंति अशी, कीं लेण्यांच्या दारांशीं खोदलेलीं पाण्याचीं टाकीं अवश्य पाहावींत. डोंगराच्या अंगावर पडलेल्या पावसाला पन्हळींनीं वळवून तो या टाक्यांत सांठविलेला आहे. शिलालेखांत या टाक्यास ‘पोढी’ असा शब्द येतो, आणि कल्याण, सोपारा येथील व्यापारी व गृहस्थ यांनीं लेणीं आणि पोढी दान दिल्याचे उल्लेख त्यांत आहेत. मौज अशी, कीं याच डोंगराच्या कुशींत पुढें तुळशी सरोवर झालें. पावसाळ्याचें पाणी आठ महिने पुरवावयाचें, ही एकच विद्या दोन्ही ठिकाणीं दिसते. फरक इतकाच, कीं त्या काळीं पाणी देणाराचें नांव पाण्याशेजारीं कोरलें जाई. आज तें नांव पाण्याच्या बिलावर छापून येतें आणि कोणी वाचीत नाहीं.

कान्हेरीच्या माथ्याकडून सरोवराचें पाणी झाडींतून चकाकतांना दिसलें, तेव्हां आमच्या मंडळींतील बोलणें आपोआप थांबलें. भोंवतीं घनदाट अरण्य. पाण्यापर्यंत उतरलेल्या फांद्या. कांठावर एकहि घर नाहीं. सर्वसामान्य प्रवाशाला तुळशी आणि विहार यांच्या कांठीं मोकळेपणीं जातां येत नाहीं. तीं पिण्याच्या पाण्याचीं सरोवरें असल्यामुळें राखून ठेवलेलीं आहेत. प्रथम आम्हांलाहि हें थोडें खटकलें. आपलेंच पाणी आणि आपल्यालाच मनाई! पण जरा विचार करतां ध्यानांत आलें, कीं या मनाईमुळेंच हें अरण्य वांचलें. सरोवराला पाणी पुरविणारे डोंगर बोडके होऊं नयेत, म्हणून तेथील झाडी राखावी लागली. झाडी राहिली म्हणून बिबळ्या राहिला, हरिण राहिलें, आणि पुढें राष्ट्रीय उद्यानहि होऊं शकलें. सरोवरांनीं रानाला आसरा दिला आणि रानानें सरोवरांना.

या रानांत आणि शेजारच्या आरे वसाहतींत वारली, महादेव कोळी इत्यादि आदिवासी बांधवांचे पाडे आहेत. शहराला पाणी देणाऱ्या डोंगरावर राहून यांतील कित्येक पाड्यांना स्वतःच्या दारीं नळ येण्याची वर्षानुवर्षें वाट पाहावी लागली. आमच्या स्वयंपाकघरांतील तोटी सोडतांना ही गोष्टहि आठवावी, असें आम्हांस वाटतें.

दुसऱ्या दिवशीं पवई. येथें मात्र मनाई नाहीं. आदि शंकराचार्य मार्गाच्या बाजूनें फिरावयास मोकळी जागा आहे. पहाटे पाहावें तर वृद्ध गृहस्थ काठी टेकीत फेऱ्या घालीत आहेत, तरुण मंडळी धांवत आहेत, कोणी डोळे मिटून प्राणायाम करीत आहेत, आणि हौशी छायाचित्रकार आपली मोठाली यंत्रें सांवरून श्वास रोखून उभे आहेत. गळ टाकून मासे धरण्याचा शोक येथें जुना असून त्या हौशी मंडळींची संस्थाहि आहे. पक्षी तर मनसोक्त: पाणकावळे पंख पसरून वाळवीत बसलेले, खंड्या सूर मारणारा, कमळपक्षी लांब बोटांनीं पानांवरून चालणारा, जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यांतून डोकावणारी. नशीब असेल तर दूरच्या उंचवट्यावर उन्हांत पहुडलेली मगर दिसते. पलीकडच्या कांठीं १९५८ सालीं स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि तिच्या आवारांत पद्मावती देवीचें जुनें देऊळ आहे. ही पवईची जमीन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी गृहस्थांकडे होती. शहरांतील धोबी तलावाची दुरुस्तीहि यांनींच करविली होती. तेव्हां पाण्याशीं या नांवाचा ऋणानुबंध दुहेरी म्हणावयाचा.

सगळें असें रमणीय असतां घरांतील धाकट्या मुलानें विचारलें, “आजी, आपण हेंच पाणी पितों का?”

आजी म्हणाल्या, “नाहीं रे बाळा. आपण पितों तें काल डोंगरावरून लांबून पाहिलें, तें. हें पिण्यासारखें राहिलेलें नाहीं.”

“मग हें कोणीं घाण केलें?”

यावर आमच्यांतील कोणालाच पटकन् उत्तर सुचलें नाहीं. पवईचें पाणी पिण्याच्या कामीं फार दिवस आलेंच नाहीं. पुढें तें कारखाने आणि आरेची दुग्धवसाहत यांच्याकडे वळलें. पण पिण्याचें नव्हे म्हणून त्याची राखण सुटली, आणि राखण सुटली म्हणून भोंवतालचे डोंगर उंच इमारतींनीं भरले. वस्तीचें सांडपाणी सरोवरांत उतरूं लागलें. त्या सांडपाण्यावर जलपर्णी पोसली. तिचीं जांभळीं फुलें इतकीं नाजूक असतात, कीं आमच्या मंडळींनीं प्रथम त्यांचें कौतुकच केलें! परंतु ही वनस्पति पाण्यावर गालिच्यासारखी पसरते, खालच्या पाण्याला उजेड आणि हवा मिळूं देत नाहीं, आणि मासे गुदमरतात. महानगरपालिका यंत्रें लावून ती काढते. सांडपाणी येतच राहिलें तर ती पुन्हा वाढते.

येथें आफ्रिकेच्या त्या सरोवराची आठवण पुन्हा होते. व्हिक्टोरिया सरोवराचें क्षेत्रफळ अडुसष्ट हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एकपंचमांशाहूनहि जास्त. एवढ्या समुद्रालाहि १९९० नंतरच्या दशकांत याच जलपर्णीनें ग्रासलें. बंदरें अडलीं, कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर अडकून पडल्या. मूळची ही वनस्पति दक्षिण अमेरिकेंतील. तिला खाणारे किडे मुद्दाम आणून सोडल्यावर तेथें तिचा जोर पुष्कळ कमी झाला, तरी ती समूळ गेली नाहीं. जेथें एवढें विशाल सरोवर हतबल झालें, तेथें पवईच्या लहानशा तळ्याची काय कथा?

आमच्या बाजूनें प्रयत्न अगदींच झाले नाहींत असें नव्हे. पवईच्या कांठानें सायकलींची व फिरण्याची वाट बांधण्याचें काम महानगरपालिकेनें हातीं घेतलें होतें. कांहीं नागरिक न्यायालयांत गेले, आणि मे २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तें काम बेकायदा ठरवून केलेलें बांधकाम काढावयास सांगितलें. पवई आणि विहार यांचें भरून वाहिलेलें पाणी मिठी नदींतून समुद्राकडे जातें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां या नदीच्या वाटेंत आपण काय काय उभें केलें आहे, याचा हिशेब तिनें एका दिवसांत मांडून दाखविला. पाण्याच्या कांठीं बांधकाम करतांना हा हिशेब विसरूं नये.

कोणी म्हणेल, आतां मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा दूरच्या धरणांतून पाणी येतें. या लहान तळ्यांचें एवढें कौतुक कशास? आंकडे पाहावे. विहार भरलें म्हणजे सुमारें २,७७० कोटी लिटर आणि तुळशी सुमारें ८०० कोटी लिटर पाणी सांठतें. मुंबईला रोज साधारण ३९० कोटी लिटर पुरवावें लागतें. म्हणजे दोन्ही मिळून शहराची उणीपुरी नऊ दिवसांची तहान. नऊ दिवस थोडे खरे. पण घरांत कोणी पाहुणा नऊ दिवस पाण्यावांचून ठेवावयाचा झाल्यास ते थोडे वाटणार नाहींत. शिवाय हीं दोन सरोवरें स्वच्छ राहिलीं आणि तिसरें बिघडलें, यांतील धडा लिटरांत मोजतां येण्यासारखा नाहीं.

जाऊं इच्छिणाऱ्यांनीं इतकें ध्यानांत ठेवावें, कीं सोमवारीं राष्ट्रीय उद्यान बंद असतें. कान्हेरीची चढण वृद्धांनीं उन्हापूर्वीं उरकावी. शिदोरी न्यावी, पण रिकामे कागद आणि पिशव्या परत घरीं आणाव्या. पवईस पहाटेच जावें. पाण्यांत निर्माल्य टाकूं नये, आणि गणपति शाडूचा आणून कृत्रिम हौदांत किंवा घरींच विसर्जन करावा.

आपल्या घरांतून स्नानाच्या वेळीं गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधु, कावेरी या सात नद्यांना तांब्यांतील पाण्यांत बोलावण्याची चाल आहे. मुंबईच्या नळाला पाणी देणारीं सरोवरेंहि सातच आहेत: भातसा, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार आणि तुळशी. मुलांना त्या सात नांवांबरोबर हीं सात नांवेंहि पाठ करवावींत. पवईचें नांव या यादींत नाहीं. तें कां नाहीं, हें मुलांनीं विचारलें, तर त्यांना एकदां पवईच्या कांठावर नेऊन खरें काय तें सांगावें.