बोट आणि बोटें

मराठींत ‘वंगण’ या शब्दाला फारसा मान नाहीं. कचेरींत अडलेला कागद पुढें सरकावा म्हणून टेबलाखालून जें हळूच दिलें जातें, त्याला आपण वंगण म्हणतों आणि नाक मुरडतों. मूळ वस्तु बिचारी निरपराध आहे. बैलगाडीच्या कण्यांत, शिवणाच्या यंत्रांत, विहिरीच्या रहाटांत ती मुकाट्यानें काम करीत असते. आणि तिचें काम नीट चाललेलें असेल तोंवर तिचें नांवहि कोणी काढीत नाहीं. कुरकुर ऐकूं येऊं लागली म्हणजेच तिची आठवण होते. घरांतल्या कांहीं माणसांचेंहि असेंच असतें. परंतु तो विषय येथें नको.

या वस्तूकडे आदरानें पाहावयास मला शिकविलें तें एका पोरकट समजल्या जाणाऱ्या छंदानें. गेलीं कांहीं वर्षें मी लंडनला मुलीकडे राहतों आणि रविवारीं सकाळीं नातवाला घेऊन रेडिओच्या लहरींवर चालणाऱ्या छोट्या बोटी तळ्यांत सोडावयास जातों. तळ्याकांठीं उभ्या असलेल्या पिकल्या केंसांच्या माणसांकडे पाहून जाणारे-येणारे हंसतात. त्यांना हंसूं द्यावें. या शहरांत हा छंद जुना व प्रतिष्ठित आहे. पूर्वेकडील व्हिक्टोरिया पार्कांत वाफेच्या छोट्या बोटी चालविणाऱ्या मंडळींचा क्लब १९०४ सालीं निघाला. त्याच्याहि आधीं, १८९८ सालीं, निकोला टेस्लानें न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें हौदाच्या पाण्यांत एक बोट तारेवांचून चालवून दाखविली होती. दुरून दिलेली अदृश्य आज्ञा बोट ऐकते, याचें लोकांना तेव्हांहि नवल वाटलें आणि आजहि वाटतें. पण हवेंतून आलेली आज्ञा पाण्यापर्यंत पोंचविण्याचें शेवटलें काम एका लोखंडी दांड्याला करावें लागतें, आणि त्या दांड्याचें सर्व सुखदुःख वंगणाच्या हातीं असतें.

रचना अगदीं साधी आहे. बोटीच्या पोटांतून मागच्या बाजूस तिरकी उतरत गेलेली एक पितळेची नळी असते. तिच्यांतून सुमारें चार मिलिमीटर जाडीचा पोलादी शाफ्ट जातो. त्याच्या आंतल्या टोकाला मोटार आणि बाहेरच्या टोकाला पंखा. नळीच्या दोन्ही तोंडांशीं कांशाचे बुश बसविलेले असतात. शाफ्ट मोकळा फिरावा म्हणून बुशांत केंसाएवढी फट ठेवावी लागते. आणि फट ठेवली कीं पाणी आंत यावयास टपलेलेंच असतें. बुश घट्ट केला तर शाफ्ट अडतो, सैल केला तर बोटींत पाणी भरतें. या दोन संकटांतून काढलेली वाट म्हणजे नळींत भरलेलें वंगण. एकाच दारवानानें घरच्या माणसाला न अडवितां सोडावें आणि परक्याला मात्र उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकूं देऊं नये, तसें हें दुहेरी काम आहे.

साहजिकच तळ्याकांठीं दोन पंथ पडले आहेत. एक पंथ म्हणतो, घट्टांतलें घट्ट ग्रीस ठासून भरा आणि निश्चिंत व्हा. पाण्याची काय बिशाद आहे! दुसरा म्हणतो, चार थेंब पातळ तेल पुरे. बोट कशी फुलासारखी पळते पाहा! द्वैती आणि अद्वैती यांच्याप्रमाणें या दोघांचेंहि म्हणणें आपापल्या जागीं खरें आहे. वंगण जितकें घट्ट, फिरण्याचा वेग जितका अधिक आणि फट जितकी अरुंद, तितका शाफ्टला होणारा अडथळा मोठा. तो अडथळा दूर सारण्यांतच बॅटरीची शक्ति खर्च होते. उलट, पातळ तेल तिरक्या नळींतून ओघळून जातें, पाण्यावर इंद्रधनुष्याचा तवंग सोडतें, आणि त्याच्या रिकाम्या जागीं पाणी येऊन बसतें. दणकट मोटारीच्या, संथ चालणाऱ्या बोटीला घट्ट ग्रीस मानवतें. नाजुक मोटारीच्या बोटीचा तें गळा धरतें. शर्यतींतल्या वेगवान बोटींची तर तऱ्हाच निराळी. त्यांच्यांत सरळ शाफ्टऐवजीं पिळाच्या तारेची लवचिक दोरी असते, आणि दिवसाचा खेळ संपला कीं ती बाहेर काढून, पुसून, पुन्हां माखून ठेवावी लागते.

ग्रीस म्हणजे नुसतें गोठलेलें तेल, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः तें तेल आणि साबण यांचें मिश्रण आहे. साबणाच्या सूक्ष्म तंतूंच्या जाळ्यांत तेल धरून ठेवलेलें असतें. चक्क्यांतून पाणी पाझरावें तसें तें हळूहळू पाझरतें, आणि झीज थांबविण्याचें बरेंचसें काम तें पाझरलेलें तेलच करतें. तो साबण कोणत्या धातूचा आहे यावर ग्रीसचा स्वभाव ठरतो. सोडियमच्या साबणाचें ग्रीस पाण्यांत विरघळूं लागतें. बोटीला तें कुचकामाचें. चुन्यांतल्या कॅल्शियमच्या साबणाचें ग्रीस पाण्याला दाद देत नाहीं. त्याला उष्णता मात्र फारशी सोसत नाहीं, पण तळ्यांतल्या बोटींत उष्णता कोठली? लिथियमच्या साबणाचें ग्रीस दोन्ही सोसतें. त्याचें पेटंट क्लॅरन्स अर्ल यानें अमेरिकेंत १९४२ सालीं घेतलें, आणि आज तें कोणत्याहि दुकानांत सहज मिळतें. ग्राफाइट घातलेलें काळें ग्रीस दिसावयास भारदस्त असतें खरें, परंतु ओलाव्यांत ग्राफाइट आणि धातु यांच्यामध्यें विजेचा घट तयार होतो व धातु कुरतडली जाते. सिलिकोनचें ग्रीस रबराच्या कड्यांना चांगलें. पोलाद कांशावर घासतें तेथें तें तोकडें पडतें. १८७२ सालच्या पेटंटापासून घरोघर पोंचलेलें, ओठांना लावण्याचें व्हॅसलिनसुद्धां लहान बोटीला वेळेवर उपयोगी पडतें.

हा घट्टपणा मोजण्याची रीत मोठी गमतीची आहे. २५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या ग्रीसवर ठराविक वजनाचा एक शंकु सोडतात, आणि पांच सेकंदांत तो किती रुतला तें मिलिमीटरच्या दशांशांत मोजतात. २६५ ते २९५ भरलें तर तें ग्रीस क्रमांक २ चें. ३५५ ते ३८५ भरलें तर क्रमांक शून्याचें. ४०० ते ४३० भरलें तर दोन शून्यांचें. स्वयंपाकघरांतल्या भाषेंत सांगावयाचें तर पहिलें लोण्याच्या गोळ्यासारखें, दुसरें ढवळलेल्या दह्यासारखें आणि तिसरें दाट कढीसारखें.

मोठ्या जहाजांनाहि हाच प्रश्न पडला होता. जॉन पेन या इंग्रज इंजिनियरनें १८५४ सालीं एक पेटंट घेतलें. त्यानें शाफ्टभोंवतीं लिग्नम व्हिटी नांवाच्या अतिशय कठीण लांकडाच्या पट्ट्या बसविल्या आणि समुद्राच्या पाण्यालाच वंगणाचें काम दिलें. ज्या शत्रूला दाराशीं अडवावयाचें त्यालाच नोकरीस ठेवण्याची ही युक्ति मला फार आवडते. पुढें तेलानें भरलेल्या नळ्या आल्या आणि थेंब थेंब तेल समुद्रांत गळूं लागलें. २०१३ सालीं अमेरिकेनें आपल्या पाण्यांत येणाऱ्या मोठ्या व्यापारी जहाजांना असा नियम घालून दिला कीं, समुद्राशीं संबंध येणाऱ्या जागीं शक्य असेल तर निसर्गांत विरून जाणारेंच वंगण वापरावें. तळ्यांतल्या बदकांसाठीं असा नियम कोणी केल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. त्यांची काळजी ज्याची त्यानेंच घ्यावयाची.

हें सारें ज्ञान पुस्तकी राहिलें असतें. परंतु गेल्या वर्षीं एक बोट माझ्याकडे आली. आमच्या तळ्यावर एक वृद्ध इंग्रज गृहस्थ येत असत. व्यापारी जहाजांच्या इंजिनखान्यांत त्यांनीं उमर घालविली होती, आणि बंदरांतल्या ओढबोटीचा एक हुबेहूब नमुना स्वतःच्या हातानें घडविला होता. ते वारले. पुढें तीन वर्षें ती बोट माळ्यावर पडून होती. मग त्यांच्या पत्नीनें ती माझ्या नातवाच्या हातांत दिली. आम्हीं घरीं आणून शाफ्ट फिरवून पाहिला, तर तो मोठ्या नाखुषीनें फिरे. नळींत कांठोकांठ घट्ट ग्रीस ठासलेलें होतें. त्यांतलें तेल पाझरून गेलें होतें आणि उरलेला साबण मेणासारखा झाला होता. तळ्यावरच्या एका पातळपंथी मित्रानें तें पाहून मान हलविली. “एवढा जाणता माणूस, आणि हें काय करून ठेवलें!” असें तो म्हणाला.

त्याचें उत्तर त्या बाईंकडून मिळालें. बोट कशी आहे म्हणून त्यांनीं विचारलें तेव्हां ओघानें ग्रीसची गोष्ट निघाली. शेवटलीं दोन वर्षें त्यांच्या पतीचीं बोटें थरथरत असत. बारीक नट हातून निसटून पडे आणि पुन्हां सांपडत नसे. दुसऱ्याला हात लावूं देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. तेव्हां एक दिवस त्यांनीं नळी घट्ट ग्रीसनें भरली आणि म्हटलें, आतां ही पुन्हां उघडावी लागणार नाहीं. 

मी रॉकेलनें नळी धुवावयास बसलों तेव्हां नातू शेजारीं होता.

“आजोबा, त्या आजोबांनीं भरलेलें सगळें काढून टाकायचें?”

“काढायला हवें रे. बोट चालायची आहे ना?”

“पण मग त्यांचें चुकलें होतें का?”

मी बाहेर काढलेला शाफ्ट पुसून त्याच्या हातावर ठेवला. आरशासारखा लख्ख होता. गंजाचा एक ठिपका नव्हता. तीन वर्षें माळ्यावर आणि त्यापूर्वीं पाण्यांत त्या घट्ट ग्रीसनें आपलें अर्धें काम चोख बजावलें होतें. दुसरें अर्धें काम मालकानें समजून-उमजून सोडून दिलें होतें. मुलानें शाफ्ट उजेडाकडे धरून पाहिला आणि पुन्हां तो प्रश्न विचारला नाहीं.

आम्हीं लिथियमचें, क्रमांक शून्याचें ग्रीस भरलें. बॅटरी आणि मोटार यांच्यामध्यें अमीटर जोडून पाहिला; पंखा रिकामा फिरत असतां कांटा पूर्वींच्या निम्म्याहून खालीं थांबला. याचा अर्थ असा नव्हे कीं नवें ग्रीस अधिक चांगलें आहे. तें अधिक मऊ आहे, म्हणून लवकर संपेल, आणि दर महिना-दीड महिन्यानें शाफ्ट काढून, पुसून, पुन्हां भरावें लागेल. वंगण निवडणें म्हणजे डब्यावरचा क्रमांक निवडणें नव्हे; बोट किती वेळां उघडावयाची हें ठरविणें, असें मला आतां वाटतें. आणि तें ठरतें ग्रीसवरून नव्हे, बोटांवरून. माझीं अजून स्थिर आहेत, आणि शेजारीं दहा वर्षांचीं दहा बोटें तयार होत आहेत. मी पान्हा धरतों, तो नट फिरवितो. निसटला तर टेबलाखालीं शिरून तोच शोधून काढतो.

बोटीबरोबर आलेल्या पेटींत त्या गृहस्थांचा घट्ट ग्रीसचा डबा होता. अर्ध्याहून अधिक भरलेला आहे. पातळपंथी मित्र म्हणतो, टाकून दे. मी झांकण घट्ट लावून तो पेटींत परत ठेवला आहे. त्याचीहि वेळ येईल.