नातीची ट्यूब

घरात आलेल्या औषधावर घरातल्या सर्वांचाच हक्क, ही समजूत मी आयुष्यभर बाळगली. गेल्या वैशाखात ती मोडली.

सोळा वर्षांच्या नातीला गालभर तारुण्यपीटिका आल्या होत्या. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्रेटिनॉइनचे मलम लिहून दिले. हे ‘अ’ जीवनसत्त्वाचेच एक रूप. १९६९ साली अमेरिकेतील अल्बर्ट क्लिगमन यांनी त्याचा पुटकुळ्यांवरील गुण प्रसिद्ध केला. पण तीन आठवड्यांत पुटकुळ्या वाढलेल्याच दिसल्या आणि माझा धीर सुटला. “एवढ्याशाने काय होणार गं?” म्हणत मी तिला सकाळ-संध्याकाळ, हळद लावावी तसे, मलम थापायला लावले. त्यात वाशिमचे ऊन, आणि शिकवणीसाठी तिची पाटणी चौकापर्यंत सायकल! चार दिवसांत गाल लालबुंद झाले, कातडी सुटू लागली. साध्या पाण्यानेही आग होई.

डॉक्टर रागावले नाहीत. मटारच्या दाण्याएवढे मलम पुऱ्या चेहऱ्याला पुरते, म्हणाले. कातडी बरी होईपर्यंत बंद. मग एक रात्र आड, तोंड धुऊन पूर्ण कोरडे झाल्यावर, डोळ्यांच्या व ओठांच्या कडा सोडून. वरून साधे मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन आणि ओढणी. आरंभी पुटकुळ्या वाढल्यासारख्या दिसतात; खरा फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. माझी मुलतानी माती आणि लिंबूही त्यांनी बंद केले. (ते मला जरा लागलेच.)

निघताना त्यांनी सहज विचारले, “ही ट्यूब घरात आणखी कोणी लावते का?” मी नाही म्हणणार, तोच सोबत आलेल्या धाकट्या सुनेचा चेहरा उतरला. वांगासाठी तीही चार रात्री ते लावत होती. आणि तिला तिसरा महिना होता.

गरोदरपणी हे मलम वर्ज्य आहे, हे मला तेव्हा कळले. त्वचेतून रक्तात ते फारच थोडे जाते, असे सांगून डॉक्टरांनी धीर दिला. पण मलम तत्काळ थांबवायला आणि प्रसूतितज्ज्ञांच्या कानावर घालायला सांगितले. वांगावर सर्रास मागितल्या जाणाऱ्या काही मलमांतही हेच औषध स्टिरॉइडसोबत मिसळलेले असते, हेही त्यांनीच सांगितले. आपल्या घरातील ट्यूबवरची बारीक अक्षरे चष्मा लावून एकदा वाचा.

पुढचे सहा महिने मी कसे काढले, ते माझे मला ठाऊक. कार्तिकात नातू झाला, सुखरूप. ट्यूब आता नातीच्या कप्प्यात असते; तिच्यावर मी स्वतः पेनने तिचे नाव लिहिले आहे.